सत्तर मिनिटं खेळलो, उरलेली वीस बाकी आहेत

इंदिरानगर, नाशिक
बुधवार

सौ. मीनाताईंना झुंबरवहिनीचा मनापासून नमस्कार.

तुमची तब्येत कशी आहे? सटाण्याला थंडी वाढली असेल, डाळिंबांची गडबड चालू असेल. इकडे आम्ही सगळे ठीक. सासूबाईंचा खोकला गेला, आवाज परत आला (तो इंदिरानगरभर ऐकू येतो). फोन सोडून पत्र का लिहिलं, असं तुम्हाला वाटेल. फोनवर त्या गोलचा विषय निघाला की तुम्ही फोन ठेवून देता. पत्र ठेवून दिलंत तरी कधीतरी पुन्हा उचलाल.

यंदा आपल्या गोदातीर क्रीडा महोत्सवाचं पंचविसावं वर्ष आहे. स्मरणिका निघतेय आणि तीत ‘महोत्सवातील फुटबॉलचा इतिहास’ असा अकरा पानांचा लेख आहे. त्याची कच्ची प्रत तुमच्या दादांनी कुणाकडून तरी आणली. मी कणीक मळता मळता वाचायला घेतली आणि कणीक तशीच राहिली. पहिल्या वर्षी दोनच संघ आले म्हणून दोघांनाही न खेळलेल्या उपांत्य फेरीचे विजेते ठरवलं, ते त्यात आहे. एका वर्षी अवकाळीने मैदानाचं तळं झालं आणि नाणं उडवून चषक दिला, तर त्या नाणेफेकीचा फोटोसुद्धा आहे (नाणं दिसत नाही, चार माणसं तोंड वर करून उभी आहेत). आणि २००३, महिला गट, अंतिम सामना, पंचवटी विरुद्ध ओझर? तिथे दोनच शब्द : ‘आयोजन नाही’.

आयोजन नाही! मग मी सत्तर मिनिटं त्या गोलात काय फुलं वेचत होते? एक-एक बरोबरी होती. प्रमुख पाहुणे तासभर आधी आले, स्वागतकमानीला बांबू कमी पडले, आणि मांडववाल्यांनी माझ्या दोन्ही बाजूंचे नि डोक्यावरचा असे तिन्ही बांबू उपटून नेले. मी ओरडतेय, पंच पाहुण्यांना हार घालायला पळालेत, आणि तुम्ही मात्र चेंडू घेऊन सुसाट येताय! तुम्ही मारलात, चेंडू माझ्या डावीकडून गेला, हे मी कधीच नाकारलं नाही. पण खांबच नसतील तर आत कुठलं नि बाहेर कुठलं? तुमचे दादा तेव्हा प्रेक्षकांतून धावत येऊन माझ्याशी भांडले. पुढे तीन वर्षांनी त्याच माणसाशी मी लग्न केलं, पण गोल मान्य केला नाही. आजही करत नाही.

असो. तर सोमवारी मी महोत्सवाच्या कचेरीत गेले. सचिव किशोरसर फार गोड बोलले. चहा मागवला. म्हणाले, “वहिनी, निकाल लागला नाही, म्हणजे नोंद नाही. नोंद नाही, म्हणजे सामना झालाच नाही.”

“मग निकाल लावू,” मी म्हटलं. “वीस मिनिटं उरलीत. रविवारी सकाळी सातला, तुमच्या उद्घाटनाच्या आधी.”

ते हसले. “या वयात?”

ताई, नुसता नकार दिला असता तर मी चहा पिऊन घरी आले असते. पण तसं हसायला नको होतं. कप तसाच ठेवला नि म्हटलं, “माझं वय तुमच्या इतिहासापेक्षा पक्कं आहे. त्यातलं एकही वर्ष गाळलेलं नाही.” आणि तिथून थेट पंचवटीच्या भाजीबाजारात. आमच्या तेव्हाच्या संघातली सावित्री मेथीच्या जुड्या बांधत होती. मी सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “सातला कशाला? सहाला ये, आधी सराव करू.” संध्याकाळपर्यंत पंचवटीच्या अकरा जणी झाल्या. त्यांतल्या दोघी आज्या आहेत आणि एक महादेवाच्या देवळातली पूजा आटोपून साडेसहाला येणार आहे. ओझरच्याही दहा जमल्या. मैदान मिळो न मिळो, फाटकाला कुलूप असेल तर बाहेरच्या रस्त्यावर खेळू. लोक बघतील. ज्यांना लिहायचं ते लिहितील.

हे सगळं केवळ कळावं म्हणून लिहिलं. माझा तुमच्याकडे काही आग्रह नाही. तुम्हाला बागेची कामं असतात, ते मला समजतं. थोरांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
झुंबर

ता. क. : ओझरला अकरावी खेळाडू नाही. शनिवारी दुपारी सटाण्याहून निघालात तर जेवायला घरी पोचाल. सासूबाई म्हणतात, “मीनाला नको बोलवू, ती आली तर तू हरशील.” म्हणूनच बोलावतेय. या.

ता. क. २ : हे तुमच्या दादांनाही ठाऊक नाही. डॉक्टरांनी माझ्या डाव्या गुडघ्याला जिना चढायचीसुद्धा बंदी केली आहे, उडी तर लांबच. तेव्हा मारताना जरा सरळ, माझ्या हातात येईल असा मारा. आपण घरच्याच आहोत.

ता. क. ३ : वरचं खोडणार होते, पण कागद खराब दिसला असता. तसं काही करू नका. डावीकडेच मारा, जोरात मारा. गेला तर या वेळी मी स्वतः हात वर करून गोल म्हणेन. पण आधी जायला तर हवा.