चित्रातलं कुत्रं

सोमवार, १२ एप्रिल १८४७

हर्मेन, बाळा,

तुला, आल्त्येला आणि पोरांना आशीर्वाद. मी बरा आहे. गुडघे दुखतात. बायकांच्या पाय शेकायच्या पेट्यांतले निखारे विझलेत ना, हे पाहायला आज तीनदा चर्चमध्ये जाऊन आलो. विझलेले होते. हे लिहून झालं की परत जाईन.

गुरुवारी तुम्ही रॉटरडॅमला निघणार, तिथून अमेरिकेला, हे मला पाववाल्या डर्ककडून कळलं. बोटीवर पोरांना लोकरी मोजे घाल.

इथली बातमी म्हणजे, हार्लेमचे एक चित्रकार महिनाभर आपल्या चर्चचं आतून चित्र काढत होते. पांढरे खांब, फरशीतली थडगी, खिडकीतलं ऊन, सगळं तेलरंगात हुबेहूब. काल प्रार्थनेनंतर पंच मंडळी पाहायला जमली. तर तुझ्या जुन्या बाकाखाली एक कुत्रं झोपलेलं!

डर्क आता पंच आहे. तो सगळ्यांदेखत म्हणाला, "काय हो येल्लेबाबा, चाळीस वर्षं काठी घेऊन चर्चमधली कुत्री हाकलताय, आणि हे तुमच्या नाकाखाली घोरतंय?"

"चित्रकार लोक मनाचं काढतात," मी म्हणालो.

"मी दिसतं तेच काढतो," चित्रकार म्हणाले. "रोज दुपारी येतं. आजोबा त्याला पाव भरवतात."

ते कुत्रं म्हणजे तुझा फिक. दुपारी तो कुठे गायब होतो, हे तू शोधत असशील. इथे येतो. मी बोलावलेलं नाही. पण हाकललंही नाही.

"कुणाचं आहे?" डर्कनं विचारलं. चित्रकारांनी ब्रश उचलला. "पुसू का, आजोबा? दोन फटकाऱ्यांचं काम."

"राहू द्या," मी म्हणालो. "माझ्या हर्मेनचं आहे."

तुम्ही आपलं चर्च सोडून कोठारात वेगळी प्रार्थना सुरू केलीत, तेव्हापासून अकरा वर्षांत तुझं नाव तिथे कुणी घेतलं नव्हतं. मीही नाही. डर्कनं काठी काढून घेतली. चर्चची किल्ली तेवढी रविवारपर्यंत माझ्याकडे आहे.

एवढं लिहिलं, पण ज्यासाठी बसलो ते राहिलंच. मला लिहिणं फारसं येत नाही, म्हणून सरळच लिहितो. कोठारातल्या त्या बंदी असलेल्या प्रार्थनेची खबर नगराध्यक्षांना कुणी दिली, हे तू मला कधी विचारलं नाहीस. आल्त्ये बाळंतीण होती आणि तुमच्या घरात सहा शिपाई आणून बसवले. हिवाळाभर चुलीपुढे तेच. खबर मी दिली. शिपाई आणतील असं वाटलं नव्हतं. वाटलं, दम भरतील, तू घाबरशील आणि बाकावर परत येशील.

फिकला जहाजावर नेऊ नकोस. म्हातारा झालाय, हाल होतील. बुधवारी दुपारी तो येईलच. त्या दिवशी त्याला एकटं सोडू नकोस, तूच घेऊन ये. आत यायला मन होत नसेल तर पायरीवर उभा राहा. मी बाहेर येईन.

ज्यानं खबर दिली तो,
तुझा बाप
येल्ले