भाव न ठरवता घेतलेली मुळी

१२ नोव्हेंबर
पोचलो एकदाचे. डोंगरातली वाडी, भाताची झोडणी चालू, हवेला पेंढ्याचा वास. झुंबरबाईंनी पडवीतली खोली दिली, वर नाचणीची भाकरी. माझी बायको प्रतिभा खुशीत आहे. जेवताना तिनं मलाच विचारलं, पाहुणे, तुम्ही कोणत्या गावचे? निरगुडसरचा, म्हटलं. आमचे हेही तिथलेच, म्हणाली. हसलो, काय करता.

१३ नोव्हेंबर
पुण्याच्या प्रयोगशाळेतली आमच्या ओळखीची स्नेहल इथल्या एका वेलीवर काम करते. तिनंच वाडीचं नाव सांगितलं, आता पस्तावते आहे. मुळीत विसरण्यावर गुण देणारं काही आहे खरं, पण प्रयोग अजून उंदरांवर. माणसापर्यंत यायला वर्षं जातील. प्रतिभाकडे वर्षं कुठली?
झुंबरबाई म्हणाल्या, मुळी लई गुणाची, पर आदल्या सांजेला वेलीपाशी तांदूळ ठेवायचं, कुनासाठी नेतो ते सांगायचं, आन् बदल्यात काय देनार तेबी. लोक कोंबडं कबूल करतात.

१४ नोव्हेंबर
नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेट उचलत वर आलो मी. गिऱ्हाईक नुसतं खोकलं तरी बोली कितीपर्यंत चढेल ते या कानांना कळतं. पण काल सांजेला वेलीपाशी तांदूळ ठेवले, प्रतिभाचं नाव घेतलं. म्हटलं, माझं हवं ते घे, तिला तिचं सगळं दे.
परतताना झुंबरबाई म्हणाल्या, येपारी मानूस तुमी, आन् भाव न ठरवता माल उचलला व्हय? हसण्यावारी नेलं.
सकाळी मुळी सहाणेवर उगाळून मधातून दिली; आता रोज द्यायची.

१९ नोव्हेंबर
प्रतिभानं आज ‘अहो’ म्हणून हाक मारली. दिवसभर बोलत होती, लग्नात माझे जोडे कुणी लपवले तेसुद्धा. गाडीची किल्ली मला सापडेना, तिनंच दिली.

२४ नोव्हेंबर
लहानपणी विहिरीत पडल्याचं सांगत होती. पाण्याखाली ऐकू आलेली आईची हाक.
विहिरीत मी पडलो होतो. तिला कधीच बोललो नव्हतो.
ती हाक आठवायला बसलो. पाणी आठवतं. हाक नाही.

२६ नोव्हेंबर
स्नेहलचा फोन. एका पिंजऱ्यातले दोन उंदीर. मुळी दिलेला वाट चुकत नाही. शेजारच्याला समोरची वाटी ओळखू येईना, उपाशी मेला. मुळी थांबवा म्हणाली.
थांबवली तर प्रतिभा पुन्हा —

२७ नोव्हेंबर
झुंबरबाई म्हणतात, सौदा मोडता येतो. ज्यानं केला त्यानंच, आपलं नाव घेऊन.
प्रतिभा रडली. मोडा, म्हणाली. विसराल म्हणून माझं नाव माझ्या तळहातावर लिहून दिलं.

२९ नोव्हेंबर
वेलीपाशी उभा होतो. हातात तांदूळ. तळहातावरचं नाव वाचलं.
ते कुणाचं, ते कळेना.
वारा नव्हता. पानं हलत होती —

तारीख —
खोलीत एक बाई आहे. पायरव ओळखीचा नाही. हे कान कधी चुकत —
चांगली वाटते. रडते. म्हणते, मीही विसरले तर तुम्हाला कोण ओळखणार?
आत गेली. दगडावर काही घासल्याचा आवाज. खर्र. खर्र. ते थांबवायचं होतं ना — कुणी म्हटलं होतं?
तिला माझं नाव विचारलं. आतूनच सांगितलं तिनं. लगेच लिहून ठेवतो. माझं नाव