नावं उलटी कर

सर, तुम्ही शिकवलेले इंग्रजी शब्द आजकाल टीव्हीवर रोज भेटतात. अटॅक, स्ट्राइक, प्रोव्होकेशन, रिटॅलिएशन. तुमच्या तासाला ते फळ्यावर गुमान बसायचे. आता त्यांना कोणी आवरत नाही. मी संस्कृतचा मास्तर, बाण आणि गदा यांच्यासाठी माझ्याकडे पुष्कळ शब्द आहेत, पण इतका आवाज त्यांनाही करता येत नाही. घरात बोलायला दुसरं कोणी नाही, म्हणून मी टीव्हीशीच वाद घालतो. बहुतेक वेळा जिंकतो.

तुमचा तास आठवतो. इंग्रजी पेपर चिखलीत एसटीने एक दिवस उशिरा यायचा, म्हणून आमची युद्धंही एक दिवस शिळी असायची. तुम्ही कात्रण वाचायला लावता. एका देशाने अटॅक केला, दुसऱ्याने रिटॅलिएट केलं. मी घडाघडा वाचतो आणि शाबासकीची वाट पाहतो. तुम्ही म्हणता, "नावं उलटी कर बे, अन् पुन्हा वाच." दूरचे देश आम्हाला कळत नाहीत म्हणून तुम्ही त्यांच्या जागी आपल्याच जिल्ह्यातली दोन गावं, सुलतानपूर आणि पिंपळगाव राजा, घालता. सुलतानपूरचा एक मुलगा लगेच उठतो. "सर, आम्ही काऊन अटॅक करू त्यायच्यावर? दोन गाड्या बदला लागतात!" वर्ग हसतो, तुम्हीही हसता, आणि मग चष्मा पुसत म्हणता, "नावं उलटी करून बी वाक्य खरं वाटलं, त शब्द इमानदार. नाही वाटलं, त समज, तो कोणाचा तरी नोकर हाय."

तुमचा मुलगा माझ्या शेजारी, त्याच बाकावर बसायचा. पुढे त्याने बाजारात पुस्तकांना बांधणी घालायचं दुकान काढलं, मी शाळेत लागलो, आणि आमचा संध्याकाळचा चहा वीसेक वर्षं चुकला नाही. गेली चार वर्षं मी त्या दुकानासमोरून जात नाही. चहावाला अजून विचारतो, "गुरुजी, एकच?" तो विसरभोळा नाही, खोचक आहे.

झालं असं. तुमच्या पुण्यतिथीला त्याने आमच्या जुन्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमचा फोटो टाकला आणि खाली इंग्रजीत लांबलचक लिहिलं. मी लिहिलं, "सरांनी हे तपासलं असतं तर तालुक्यातली लाल शाई संपली असती." पुढे हसरे चेहरे, तीन. ग्रुपवरचे बरेच जण हसले. त्याने लिहिलं, "अब्बा अकरा दिवस बुलढाण्याले दवाखान्यात होते. तू काऊन नाही आला पाह्यले?" मग कोणीच हसलं नाही. मी उत्तर लिहिलं. वार्षिक परीक्षा, पेपरांचे गठ्ठे, वर एक सुभाषित, आणि शेवटी हेही, की बापाचं इंग्रजी पोराच्या वाट्याला आलेलं दिसत नाही. नंतर ग्रुप सोडला. तेव्हापासून विचारेल त्याला सांगत आलो, त्याने चारचौघांत हल्ला केला, मी फक्त प्रत्युत्तर दिलं. इंग्रजीत सांगताना रिटॅलिएशन म्हणायचो. त्या शब्दाला एक सरकारी इभ्रत आहे.

परवा टीव्हीवर दोन प्रवक्ते सुरुवात कोणी केली यावर भांडत होते. मी तुम्ही लावलेल्या सवयीने नावं उलटी केली, दोघांनाही निकालात काढलं, आणि आवाज बंद केला. मग घर फार शांत झालं. तेवढ्यासाठीच तो चालू ठेवतो की काय, कोण जाणे. ग्रुपवरचे ते जुने निरोप मी फोनमधून अजून पुसलेले नाहीत. ते कागदावर उतरवले आणि तुमच्या मुलाच्या जागी मला घातलं, माझ्या जागी त्याला. फोटो माझ्या वडिलांचा. खाली तो हसतोय, तीन चेहऱ्यांनी. मी विचारतोय, तू काऊन नाही आला? इथवर वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. त्या माणसाने आणखी काय विचारायला हवं होतं? बारा वर्षं मनात ठेवलेलं विचारत होता बिचारा, आणि तेही मी डिवचल्यावर.

हे पत्र टाकायचं तर पत्ता एकच, तुमच्या घराचा, आणि फोडणार तोच. पाकिटावर तिकीट लावलं होतं. आता पाकीट तुम्ही दिलेल्या डिक्शनरीत आहे. तिची बांधणी सुटली आहे, आणि चिखलीत ती घालून देणारा माणूस एकच.

तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा बुलढाण्याची जीप दर अर्ध्या तासाला सुटायची, सर. मी दोनदा स्टँडवर जाऊन परत फिरलो होतो. तुमची वाचा गेली आहे असं कळलं होतं, आणि तुम्ही काहीच न बोलता माझ्याकडे पाहाल, हे मला झेपणार नव्हतं. पेपर माझे केव्हाच तपासून झाले होते.