रतनचा पाय

३ मार्च १९८६
शेजारच्या काळुरामची घोडी रतन टांग्याला जुंपता येत नाही. शहाड फाटकाजवळ पत्रा लागून मागच्या पायाला जखम झाली. पंधरा दिवस झाले, भरत नाही. जनावरांच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मिठाच्या पाण्याने धुवा, स्वच्छ पट्टी बांधा, तीन महिने आराम. तीन महिने! यात औषध कुठे आहे? मी केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये बावीस वर्षं काढली. काळुरामला सांगितलं, दवाखाना बंद. महिन्यात पळवून दाखवतो.

५ मार्च
मोरचूद, चुना, व्हॅसलिन. स्वतःचा फॉर्म्युला. लावताच रतनने लाथ झाडून टांग्याचं चाक मोडलं. म्हणजे औषध आत पोचलं.

१४ मार्च, सकाळी
जखमेतून लालभडक मांस वर आलंय. टोमॅटोएवढं. भरतेय! माझी बायको मंजुळा म्हणते, भरत नाहीये, फुगतेय. मंजुळा सातवी पास.

२२ मार्च
मांस जरा जादाच आलंय. जाळायला हवं. मोरचूद दुप्पट केलं. काळुराम रतनचं तोंड धरून रडत होता. म्हणाला, भाऊ, आता ती माझ्या हातचं बी खात नाय. म्हटलं, उत्तम. पथ्य आपोआप होतंय.

२ एप्रिल
वास येतो. खूर टेकत नाही. क्रायसिस स्टेज असावी. काळुरामने डॉक्टरीणबाईंचं नाव काढलं. म्हटलं, खुशाल जा, पण मग माझी गॅरंटी संपली. गेला नाही. माणसाचा विश्वास असा लागतो. उद्यापासून या केसचा रिपोर्ट लिहायला घ्यायचा, इंग्रजीत.

५ एप्रिल
रिपोर्ट राहिला. टाइपरायटरची रिबन संपलीय.

९ एप्रिल
रतन काल बसली, ती उठलीच नाही. काळुराम सकाळी डॉक्टरीणबाईंना घेऊन आला. सायंटिफिक चर्चा होईल म्हणून मीही गेलो. बाईंनी पट्टी सोडली. आत पांढरं हाड. म्हणाल्या, मी बघितली तेव्हा जखम पुरीएवढी होती, नुसती धूत राहिला असतात तर घोडी चालली असती. यावर लावलंत काय?
काळुराम माझ्याकडे बघत होता.
मी म्हणालो, मी शेजारी. सहज आलोय.
काळुराम म्हणाला, माझंच चुकलं, बाई.
बाईंनी इंजेक्शन भरलं. त्याने रतनचं डोकं मांडीवर घेतलं. मग मला म्हणाला, भाऊ, तुम्ही घरी जा. ऊन लागल.
मी आलो.