चौसष्ट नंबरचा गुडघा

११ एप्रिल, शनिवार

शिरीषच्या बेसमेंटमध्ये दरवर्षीची सभा. आमच्या कॅनेडियन फुटबॉल टीमचा ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंची निवड, जवळ आला की अकरा मराठी घरं त्याच्याकडे बॅरहेवनला जमतात, मिसळ खातात आणि विद्यापीठांतून येणाऱ्या नव्या पोरांपैकी आपल्या टीमने कोणाला उचलावं यावर घसा बसेपर्यंत भांडतात. जणू टीमचे लोक आमच्या ठरावासाठी अडून बसलेत. बाकीच्या बायका वर असतात. खाली मी एकटी, सोळा सीझन झाले.

यंदा भांडणच नव्हतं. सगळ्यांना चौसष्ट नंबर हवा. इथलाच, ओटावाचा मुलगा, ओ-लाइनमधला, म्हणजे बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पुढे भिंतीसारखं उभं राहणाऱ्या पाचांपैकी. शिरीष म्हणाला, डोळे मिटून घ्या. मी म्हटलं, नको, तो पश्चिमेकडचा रिसीव्हर घ्या, बॉल झेलणारा. चौसष्टचा डावा पाय उशिरा पडतो. विद्यापीठात खपून गेलं, प्रोमध्ये तेवढ्यात समोरचा आत शिरलेला असेल. मी मॅच बघताना बॉलकडे बघत नाही, लाइनच्या पायांकडे बघते, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी हसले. "वहिनी, पाय कसले बघता, माणूस बघा," शिरीष. मतं अकरा विरुद्ध एक. अभयचंही त्यालाच. नवरा म्हणून सूट मागितली नव्हती, पण तरी.

येताना गाडीत अभयने रेडिओ लावला.

खरं तर आज तोंड बंद ठेवावं असं ठरवून निघाले होते. चौसष्ट मार्चमध्ये आमच्या क्लिनिकला येऊन गेलाय. एमआरआय, माझ्याच शिफ्टला, मीच काढला. हे इथे लिहिणंही बरोबर नाही, नाव तर नाहीच लिहिणार. पण एरवी तासभर बोलणारी मी एकदम गप्प बसले असते तर तेही दिसलं असतंच. आणि त्याच्या पायांबद्दलचं माझं मत सप्टेंबरपासूनचं आहे. याच वहीत आहे, आत्ता पान उलटून पाहिलं.

१३ एप्रिल, सोमवार

सकाळी चहाला अभयने विचारलं, चौसष्टबद्दल तुला काही माहीत आहे का. विद्यापीठाची टीम पोरांना तुमच्याकडेच पाठवते ना, म्हणाला.

मी नेहमीचं उत्तर दिलं. आमच्याकडे कोण येतं, कोण जातं, मी बोलत नाही, तुला माहीत आहे. या क्लिनिकला लागल्यापासून, अकरा वर्षं, हेच उत्तर देतेय. शेजारीण आली तेव्हा दिलं, अभयचा बॉस आला तेव्हाही.

तो "बरं" म्हणाला आणि डबा घेऊन गेला. बाहेर अजून बर्फाचे मळके ढिगारे. विंटर टायर काढायचे आहेत.

१६ एप्रिल, गुरुवार

सानिका शाळेतून आली ती फोन पुढे करतच. "आई, धिस इज द गाय यू डोन्ट लाइक, राइट?"

टीमच्या फॅन्सचा तो मोठा फोरम. नाव लपवून कोणीतरी टाकलंय: चौसष्टचा गुडघा गेलाय, एमआरआय झालाय, आतल्या माणसाकडून पक्कं कळलंय. खाली दोनशेवर उत्तरं. कोणी म्हणतं लिगामेंट तुटलंय, कोणी म्हणतं ऑपरेशनच झालंय, लपवलंय. एकाने मागच्या ऑक्टोबरमधला त्याचा चालतानाचा व्हिडिओ लावून लाल बाण काढलेत.

फोन तिच्या हातून घेऊन पुन्हा पहिल्यापासून वाचलं. सानिका विचारत होती, आर यू ओके. होय म्हटलं.

अभय सहाला आला. मी बूटसुद्धा काढू दिले नाहीत. म्हणाला, मी फक्त शिरीषला बोललो. काय बोललास? "की तुझ्या वहिनीला काहीतरी माहीत असणार, म्हणून ती नको म्हणत होती."

"मी तुला काय सांगितलं होतं?"

"तू नाही कुठे म्हणालीस? तू म्हणालीस, मी बोलत नाही."

म्हणजे अकरा वर्षं जपलेलं वाक्य याने होकार म्हणून घेतलं.

"मग त्याला नको का म्हणालीस?"

"त्याचे पाय हळू आहेत म्हणून."

"इतकंच?"

इतकंच. मला सप्टेंबरचं पान आणून त्याच्यासमोर ठेवावंसं वाटलं. ठेवलं नाही. मला फुटबॉलमधलं कळतं याचा पुरावा आता घरात दाखल करायचा का? त्याला राग आलेला दिसला नाही, उलट ओशाळला होता, आणि त्याचाच मला जास्त राग आला. सोळा वर्षं स्टेडियममध्ये शेजारच्या खुर्चीत थंडीत कुडकुडत बसलेली बाई काही बोलली तर ते तिचं मत असू शकतं, हे याच्या डोक्यात शेवटपर्यंत आलं नाही. माझ्या शब्दाला वजन आलं ते क्लिनिकमुळे.

१७ एप्रिल, शुक्रवार

शिरीषने पोस्ट काढून टाकली. त्याला फोन मीच केला. घाबरला होता बिचारा. बिचारा कसला. म्हणाला, वहिनी, तुम्ही पाय म्हणालात म्हणून मी गुडघा धरला, पण तुमचं नाव कुठेच घेतलं नाही. पण त्या पोस्टचे फोटो सगळीकडे फिरतायत. आज एका पॉडकास्टवरही निघालं.

१८ एप्रिल, शनिवार

लिहून टाकते, नाहीतर डोकं फुटेल.

त्याचा गुडघा चांगला आहे. लिगामेंट फोटोत असावं तसं काळं, सरळ, ताणलेल्या दोरीसारखं. कूर्चा जागेवर, पाणी नाही. मी डॉक्टर नाही, मी रिपोर्ट लिहीत नाही, मी फोटो काढते. पण अठरा वर्षं काढतेय, फाटलेला गुडघा मला स्क्रीनवर येता येता कळतो. हा फाटलेला नाही.

मशीनमध्ये जाताना घाबरला होता. एवढा मोठा देह, आणि हातातला तो रबरी फुगा, घाबरलात तर दाबा म्हणून आम्ही देतो तो, मुठीत घट्ट धरून. मध्ये मध्ये माइकवरून सांगत राहिले, आता चार मिनिटं, आता तीन. बाहेर आल्यावर सगळे विचारतात तेच त्याने विचारलं, ठीक आहे का? आणि सगळ्यांना सांगते तेच मी सांगितलं, डॉक्टर कळवतील.

अभय दुपारी म्हणाला, मग गुडघा धड असेल तर तसं टाकू या, मीच टाकतो. त्याला समजावताना थकले. त्याचा गुडघा बरा आहे हे सांगणं म्हणजेही त्याचं खाजगी सांगणं. तो आमच्याकडे आला होता हेच मुळी माझ्या तोंडून जाता कामा नये. आणि "असेल तर" म्हणत तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. मी उठून कपड्यांच्या घड्या करायला गेले. आता घरात चेहरासुद्धा सांभाळायचा.

म्हणजे जगात जी बाई ही अफवा खोटी आहे असं म्हणू शकते, तिलाच ते म्हणता येत नाही.

२१ एप्रिल, मंगळवार

लंच. पार्किंगमध्ये, गाडीत बसून लिहितेय.

सकाळी पाच मिनिटं मशीन रिकामं होतं. त्याची फाइल उघडून रिपोर्ट वाचावा असं वाटलं. माझ्या नजरेतून काही सुटलं असेल तर? डॉक्टरने खरंच काही लिहिलं असेल तर? मग निदान खोटं तरी पसरलं नाही असं म्हणता येईल. हा विचार मनात आला याची लाज वाटली. एका पोराचा गुडघा खराब निघावा म्हणजे मला झोप लागेल.

उघडली नाही. कोणी कधी कोणती फाइल पाहिली ते सगळं नोंदलं जातं. पण नोंदलं जात नसतं तर उघडली असती का, ते मला माहीत नाही.

२४ एप्रिल, शुक्रवार

मॅनेजरला सांगायचं म्हटलं. अभय एकदम पांढरा पडला. म्हणाला, "तू काहीच बोलली नाहीस, मग कबूल काय करणार आहेस?" खरं आहे. मी एक शब्दही सांगितला नाही. पण अफवा निघाली ती माझ्या स्वयंपाकघरातून, आणि माझ्या नोकरीच्या नावावर लोकांनी ती खरी मानली. सांगितलं तर चौकशी, लायसन्सवर प्रश्न, त्या मुलाला पत्र की तुमच्याबाबत असं असं झालं. नाही सांगितलं तर काहीच नाही. काहीच होणार नाही, हेच अंगावर येतं.

अभय रडला. सानिकाच्या बारावीच्या वर्षात हे नको, म्हणाला. त्याला जवळ घेतलं नाही. घ्यायला हवं होतं कदाचित.

२८ एप्रिल, मंगळवार

ड्राफ्ट. शिरीषकडे गेलो नाही, घरीच टीव्ही लावला.

आपली टीम पहिल्या फेरीत तिसरी. घेतला तो पश्चिमेकडचा रिसीव्हर. माझा रिसीव्हर.

दुसरी फेरी, तिसरी. चौसष्ट नाही. सगळ्या टीम एकेक करून ओ-लाइनची पोरं उचलत होत्या आणि तो कोणालाच नको होता. पाचव्या फेरीला सानिका उठून वर गेली. अभय रिमोट हातात घेऊन बसला होता, बंदही करेना. आठही फेऱ्या संपल्या. कोणीच नाही घेतला.

ग्रुपवर शिरीष: वहिनी, मानलं तुम्हाला. त्याखाली अंगठे, टाळ्या, फेटे. वहिनींची नजर. पुढच्या वर्षी वहिनीच अध्यक्ष.

सोळा वर्षं हे ऐकायची मला किती हौस होती. फोन पालथा ठेवला.

३० एप्रिल, गुरुवार

लोकल बातम्यांत तो. आईवडिलांच्या घराच्या पायऱ्यांवर बसलेला. वार्ताहर बाई विचारतेय, गुडघ्याचं काय? म्हणाला, काही नाहीये, रिपोर्ट आहे माझ्याकडे, टीमनाही दाखवला. मग का नाही घेतलं? खांदे उडवले. म्हणाला, कुठून उठलं कोणास ठाऊक, सगळे तेच विचारतात.

फोरमवर: रिपोर्ट काय, कोणीही आणेल.

मला एक गोष्ट छळतेय. टीमवाले फोरम वाचून पोरं निवडत नाहीत, त्यांचे स्वतःचे डॉक्टर असतात. कदाचित त्यांनीही पाय बघितले असतील. कदाचित मीच बरोबर होते आणि अफवेने काही झालंच नाही. की अकरा जणांना पटलं नाही ते आठ-नऊ टीमना पटलं? की एखाद्या टीमला वाटलं असेल, धूर आहे तर कशाला हात घाला? हे मला कधीच कळणार नाही. त्यालाही नाही. माझं मत आणि माझ्या घरातलं खोटं दोन्ही एकाच जागी जाऊन पोचली, आता त्यातलं कुठलं लागलं ते वेगळं काढता येत नाही.

अभय म्हणाला, बघ, तुझंच खरं ठरलं. समजूत घालायला म्हणाला. जेवणावरून उठले.

३ मे, रविवार

शुक्रवारी निघताना सोमवारची यादी पाहिली होती. दोन दिवस लिहिलं नाही.

९:२०, गुडघा. तोच. कुठल्यातरी टीमने ट्रायलला बोलवायच्या आधी नवे फोटो मागितले असणार, माझा अंदाज. माझं मशीन, माझी शिफ्ट.

मी परत त्याला सांगायचं, आता चार मिनिटं, आता तीन. आणि तो विचारणार, ठीक आहे का.

अभयला म्हटलं, उद्या सांगणार आहे. या वेळी त्याने अडवलं नाही. म्हणाला, मीही येऊ का, शिरीषला मी बोललो हे मीच सांगतो. नको म्हटलं. पण बरं वाटलं. खूप दिवसांनी त्याच्या हातचा चहा घेतला.

४ मे, सोमवार

साडेसातला पोचले. मॅनेजर कोट काढत होती. म्हटलं, ९:२० ची तपासणी मला करता येणार नाही, दुसऱ्या कोणाला दे.

तिने सहज विचारलं, ओळखीचा आहे का? आमच्याकडे असं होतं, शेजारीपाजारी येतात, आपण मशीन बदलून घेतो. "हो" म्हटलं असतं तर तिथेच संपलं होतं. ती कॉफी आणायला निघालीही होती.

म्हटलं, नाही, ओळखीचा नाही. दार लावून घेऊ का?

सगळं सांगितलं. बेसमेंट, मतं, माझं उत्तर, नवऱ्याने त्याचा काय अर्थ घेतला, शिरीष, फोरम. इंग्रजीत सांगताना सगळं फार लहान आणि फार मूर्ख वाटत होतं. ती लिहून घेत होती. रागावली नाही. एकदाच थांबवून विचारलं, तू नवऱ्याला स्कॅनबद्दल काही, अगदी काहीही, सूचक तरी बोललीस का? नाही म्हटलं.

"मग त्याला घेऊ नका असं तू का म्हणालीस?"

"त्याचे पाय हळू आहेत. डावा उशिरा पडतो."

तिने मान हलवली, पेन कागदावर ठेवूनच माझ्याकडे बघत राहिली. मी पुढे बोलेन म्हणून ती थांबली होती. पुढे काही नव्हतं.