ताईने आणलेल्या तीन कुप्या

प्रिय धाकट्या,

सकाळपासून अकरा वेळा फोन लावला. तू उचलणार नाहीस हे माहीत होतं, तरी लावला. आता कागद घेऊन बसलेय. अक्षर वेडंवाकडं येतंय, सांभाळून घे. पण पत्र अर्ध्यात टाकू नकोस.

रविवारी मी तुमच्याकडे आले तेव्हा तुझी चिमणी स्वतः उठून दाराशी आली. भिंतीला धरून का होईना, आली. तिची आई तोंड फिरवून रडली आणि तू माझ्याकडे असं पाहिलंस, जणू आपलं दोघांचं गुपित फळाला आलंय. मीही हसले. मग तिला मांडीवर घेतलं, तर अंग तव्यासारखं तापलेलं. तू म्हणालास, "ताप येणारच, ताई. औषध लागू पडतंय." कोणतं औषध, हे मी विचारलं नाही. जेवले, भांडी घासली आणि घरी आले. वाटेत दोनदा चुकीच्या वळणावर वळले.

लहानपणी तुला एकदा नाही म्हटलं की तू पुन्हा मागायचा नाहीस. गप्प बसायचास, आणि नाही म्हणणाऱ्यालाच अपराधी वाटायला लागायचं. आई म्हणायची, ह्याचं रडणं परवडलं, पण अबोला नको.

माझ्या कामाबद्दल तुम्हाला मी नेहमी हसत सांगत आले. बॅक्टेरियांना माणसाचा एक जीन द्यायचा, ते बिचारे वेठबिगारासारखे माणसाचं प्रोटीन बनवतात, आणि मग त्यांनाच फोडून आम्ही ते काढून घेतो. चिमणीचा आजार कळला त्या दिवशी तू रिपोर्टावरचं नाव मला वाचून दाखवलंस. आम्ही बनवतो तेच प्रोटीन. पेशीच्या आत शरीराची ऊर्जा जिथे तयार होते, तिथे लागणारं. तिच्या शरीराला बनवता न येणारं, आणि माझ्या प्रयोगशाळेतल्या थंड खोलीत कुप्याकुप्यांमधून रांगेने उभं. तू ते मागितलंस, मी नाही म्हटलं. ते फक्त प्रयोगांसाठी असतं, टोचलं तरी पेशीच्या आत पोचायचं नाही, रक्तातच मोडून जाईल, सगळं समजावलं. तू मान हलवलीस. मग दोन महिने तुझा अबोला.

आणि एक दिवस तुझ्या दुकानाच्या पायरीवर बसून तू म्हणालास, "नुसतं बघू दे, ताई. माझ्या पोरीत जे नाही, ते एकदा हातात धरू दे." तुझी दाढी वाढलेली होती, शर्टाचं बटण तुटलेलं होतं. बुडत्याला काडीचा आधार, म्हटलं धरू दे. मी तीन कुप्या आणल्या. बघायला एक पुरली असती, धाकट्या. तीन का आणल्या, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

काल फोनवर मी थांब म्हटलं, तेव्हा तू सगळं सांगितलंस. पहिल्या सुईनंतर थोडी कणकण. दुसरी शनिवारी, त्यानंतर तिला हुडहुडी भरली, ओठ निळसर झाले, दिवसभर ग्लानी. पण रविवारी चालली ना, असं तू म्हणालास. अरे, तिचा आजारच असा आहे, दोन दिवस बरे, चार वाईट. ती सुईमुळे चालली नाही, सुई टोचूनही चालली. शेवटची कुपी आज संध्याकाळी, असं तू म्हणालास, आणि मी ओरडले तेव्हा फोन ठेवण्याआधी एवढंच बोललास, "तूच दिलंस ना? मग आता मागे फिरू नकोस."

म्हणून जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते लिहिते. त्या कुप्या मी चांगल्या मालातल्या आणल्या नव्हत्या. तो मोजून ठेवलेला असतो. ह्या नष्ट करायच्या ट्रेमधल्या होत्या. त्या प्रोटीनमध्ये बॅक्टेरियांच्या कवचाचं विष राहिलं होतं. तपासणी माझीच, 'रद्द' लिहिलेली लाल पट्टी लावणारीही मीच. रक्तात गेलं तर आधी ताप, मग थंडी, मग रक्तदाब कोसळतो. आणि लहान मूल फार वेळ तग धरत नाही. तुझ्या हातात देण्याआधी त्या पट्ट्या मी बसमध्ये बसून नखाने खरवडून काढल्या. त्या पाहून तुझा चेहरा पडला असता, आणि मला तेवढंही बघवलं नसतं.

हे मी चिमणीच्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. त्यांना सगळं सांगितलंय, प्रयोगशाळेतल्या साहेबांनाही. माझं जे व्हायचं ते होईल. मला तू दारात उभं करणार नाहीस, म्हणून पत्र त्यांच्याच हाती देतेय. तू हे वाचतोयस तेव्हा त्या तुझ्यासमोर उभ्या आहेत, खाली गाडी आहे, दवाखान्यात खाट तयार आहे. उरलेली कुपी त्यांना दे आणि चिमणीला उचल. आणि संध्याकाळची वाट न पाहता तू ती आधीच टोचली असशील, तर किती वाजता टोचलीस, तेवढं त्यांना खरं सांग.

तुझीच,
ताई