ठिपकीची वेळ आणि आक्काची खुर्ची

४ मार्च

प्रिय धाकटे,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

निवृत्त होऊन भावाच्या शेतावर राहायला आल्यापासून माझं मन किती शांत झालं असेल, असं तू लिहितेस. झालंय की. इतकं शांत झालंय की गोठ्यात गाय हंबरली तरी माझ्या खोलीतली तसबीर हलते. व्हरांड्यात माझी खुर्ची आणि खुर्चीच्या नेमका समोर गोठा. सकाळ-संध्याकाळ मी आणि ठिपकी एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसतो. तिचं रवंथ चालतं, माझा चहा.

सध्या घरात तिचाच विषय आहे. दोनदा कृत्रिम रेतन केलं आणि दोन्ही वेळा ती गाभण राहिली नाही. हे काम करणारा माणूस मोटरसायकलला नायट्रोजनचं भांडं बांधून येतो आणि मोठमोठ्या वळूंबद्दल असा बोलतो, जणू ते सगळे याच्याच वर्गात होते. पहिल्या खेपेला हा गृहस्थ खांद्यापर्यंत हातमोजा चढवून ऐन चहाच्या वेळी माझ्यासमोर उभा! मी त्याला आणि भावाला विचारलं, या घरात लाजलज्जा नावाची वस्तू शिल्लक आहे का, आणि आत जाऊन दार आपटलं. भावाने त्याला तसंच परत पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बोलावलं. तेव्हापासून भाऊ शहाणा झालाय. आता तो माणूस दुपारी, मी झोपल्यावरच येतो. माझे संस्कार अगदीच वाया गेले नाहीत म्हणायचे.

काम मात्र शून्य. परवा तर आला, उशीर झाला म्हणाला आणि गाईला हातही न लावता गेला. कसला उशीर? माझी झोप व्हायच्या आत तर आला होता. माझ्या मते त्याचे वळूच भिकार आहेत.

भाऊ म्हणतो, पुढच्या खेपेलाही राहिली नाही तर ठिपकी व्यापाऱ्याला द्यायची. दूध न देणारी गाय किती दिवस सांभाळणार? हे ऐकल्यापासून तुझी वहिनी नीट जेवत नाही. ठिपकीची आई गेली तेव्हा हिनेच त्या वासराला बाटलीने दूध पाजून जगवलं. मला गुराढोरांचं कौतुक नाही, हे तुला माहीत आहेच. पावाची कड मला चाववत नाही म्हणून मी ती ठिपकीला देते, इतकंच.

लोभ आहे. तो तसाच राहावा असं वाटत असेल तर लगेच उत्तर दे.
तुझी,
आक्का

९ मार्च

प्रिय वन्सं,
सप्रेम नमस्कार. वि. वि.

तुम्ही खोदून खोदून विचारलंत म्हणून लिहिते. दोष ठिपकीचा नाही आणि वळूचाही नाही. दोष खुर्चीचा आहे.

ठिपकी नेहमी पहाटे माजावर येते. म्हणजे रेतन त्याच संध्याकाळी व्हायला हवं, असं तो माणूस सांगून सांगून थकला. पण संध्याकाळी आक्का विणकाम घेऊन व्हरांड्यात बसतात, त्या दिवे लागेपर्यंत. तुमच्या दादांचे केस पांढरे झाले, तरी आक्कांसमोर त्यांच्या तोंडून ‘गाय माजावर आलीये’ एवढं निघत नाही. मागच्या वेळी मी स्वयंपाकघरातून खुणावलं, तर हे आक्कांना पाण्याच्या पंपाची माहिती देत बसले. मग निरोप जातो दुसऱ्या दिवशी, आक्का झोपल्या की. तोवर गाईची वेळ टळून गेलेली असते.

मी बोलले तर म्हणतात, आक्काने मला लहानाचं मोठं केलं, तिच्या डोळ्यांदेखत असलं काही नको. मी म्हटलं, मग ठिपकीला ट्रकमध्ये चढवाल तेही आक्कांची झोप बघूनच चढवा. त्यावर उठून बाहेर गेले.

व्यापारी काल येऊन तिचे दात बघून गेला. तिने त्याचा हात चाटला. तिला वाटलं, खायला आणलंय.

आक्कांना कसं सांगायचं ते तुम्हीच बघा. मला या घरात राहायचंय. माया असू द्या.
तुमची,
वहिनी

१४ मार्च

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

खुर्चीवरून न उठता तू वळूंची परीक्षा केलीस, धन्य आहेस. आता जरा त्या खुर्चीबद्दल बोलू. वहिनीला रागावू नकोस, तिच्याकडून मीच काढून घेतलं.

ठिपकीची वेळ संध्याकाळची असते आणि संध्याकाळी तिथे तू असतेस. दादा तुझी झोप लागायची वाट बघतो आणि रेतन दुसऱ्या दिवसावर जातं. तुझे जे संस्कार वाया गेले नाहीत म्हणतेस ना, त्यांच्यापायी गाय रिकामी राहिली. आता ती वाया जाणार आहे.

आक्का, जन्मभर तू जीवशास्त्र शिकवलंस. तुझ्या वर्गात मीही होते. प्रजननाचा धडा आला की तू मुलींना तो घरी वाचायला सांगायचीस, आणि घरी आल्यावर माझं पुस्तक कपाटावर ठेवून द्यायचीस. तुझ्या पुस्तकात तर ती पानं कॉन्व्हेंटच्या सिस्टरनीच खळ लावून चिकटवली होती. सिस्टर गेल्या, शाळा सुटली, तू निवृत्त झालीस, पण पानं काही तू सोडवली नाहीस.

मी चुकत असेन तर कान धर. नसेन तर त्या संध्याकाळी फिरायला तरी जा.

रागावलीस तरी लोभ ठेव, दोन्ही तुला एका वेळी जमतात.
तुझी,
धाकटी

२४ मार्च

प्रिय धाकटे,
आशीर्वाद, पण या वेळी मोजकेच. वि. वि.

तुझं पत्र उद्धट आहे. एकदा वाचून फाडणार होते, पण दुसऱ्यांदा वाचावं लागलं. मी मध्ये येते असं भावाने मला तोंडावर सांगायला हवं होतं. गाईच्या भाषेत ठिपकी तरी स्पष्ट बोलते.

काल पहाटेपासून ती हंबरत होती. चहाला बसलो तर तुझ्या वहिनीने खुणावलं, आणि भावाने लगेच पंपाचा विषय काढला. मी कप खाली ठेवला आणि सांगितलं, गाय माजावर आलीये, माणूस आज संध्याकाळी इथे हवा. भावाच्या हातातला पाव चहात पडला आणि तिथेच विरघळला.

संध्याकाळी माणूस आला. वहिनीने दावं धरलं. शेपटी धरायची वेळ आली तेव्हा भाऊ दाराशी आमच्याकडे पाठ करून उभा होता आणि मला म्हणत होता, आक्का, तू आत जा. मी त्याला सांगितलं, इथे तोंड लपवून तू उभा आहेस, आत जायचं तर तूच जा. शेपटी मीच धरली. त्या माणसाला आधी हात धुवायला लावले. तो वळूच्या खानदानाचं पुराण सांगू लागला, तेव्हा म्हटलं, तुमच्या वर्गमित्राची चौकशी नंतर करू, रेताची कांडी कोमट पाण्यातून काढा. निम्म्यात भाऊ आला आणि माझ्या हातातून शेपटी घेतली. कान लालबुंद झाले होते त्याचे. लहानपणी खोटं बोलताना व्हायचे तसे.

ठिपकीने माझ्या पदराला शेण लावलं. धुतल्यावरही डाग राहिलाय.

फिरायला मी गेले नाही. खुर्चीही जागची हलवलेली नाही, हे नीट लक्षात घे. उरलेले आशीर्वाद पुढच्या पत्रात, उद्धटपणा कमी दिसला तर.
आक्का

१६ जून

प्रिय धाकटे,
अनेक आशीर्वाद, मागचे धरून. वि. वि.

ठिपकी गाभण आहे. आज तोच माणूस तपासायला आला, तोच हातमोजा, तीच चहाची वेळ. मी कप खाली ठेवला नाही. त्याने मान हलवली तशी तुझी वहिनी गोठ्याच्या खांबाला टेकून रडली आणि मग एकदम भूक लागली म्हणाली. व्यापाऱ्याला भाऊ फोन करणार होता, पण मीच केला. त्याला म्हटलं, आमच्या गाईचे दात बघून झाले असतील तर आता स्वतःचे बघा.

हे सगळं मी वेळेवर लक्ष घातलं म्हणून झालं. माझ्यामुळे अडलं होतं, असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

आणखी एक. माझं ते जीवशास्त्राचं पुस्तक ट्रंकेत सापडलं. दुपारी झोप आली नाही, म्हणून किटलीच्या वाफेवर धरून ती पानं सोडवली. आत बेडूक निघाला, धाकटे. एक बेडूक आणि त्याची अंडी. एवढ्यासाठी मी जन्मभर मुलींना हा धडा घरी वाचायला लावला!

वासराच्या वेळी ये. शेपटी धरायला माणूस कमी पडतो. लोभ वाढव. कमी-जास्त मी बघून घेईन.
तुझी,
आक्का